धक्का नाही

बिरप्पाला गेले आठ दिवस जेवण गोड लागत नव्हतं. वळसंगच्या बारा घरांनी वर्षभर विणलेली दोनशे घोंगडी त्याने आपल्या सोलापूरच्या दुकानातून कोकणातल्या एका बंदरावर धाडली होती. तिथून ती आगबोटीने कराचीला जायची होती. "समुद्रानं जाऊ द्या, मी हाय की," असं छातीठोकपणे सांगणारा तोच. स्वतः मात्र या पठ्ठ्याने हिप्परग्याच्या तळ्याहून मोठं पाणी पाहिलं नव्हतं.

तसं काळजीचं कारण कागदावर काहीच नव्हतं. बंदरावरच्या अडत्याचं कार्ड आलं होतं : "बंदर लोकल बोर्डाकडून खासगी मक्तेदाराकडे गेले. आपल्या मालाला आता धक्का नाही. काय करावे, लगेच कळवा." बिरप्पाने ते बाराही घरांत वाचून दाखवलं आणि उलट टपाली लिहिलं, "वाचून आनंद झाला. आहे तसेच राहू द्यावे."

त्यानंतर बंदराकडून चकार शब्द नाही. आगबोटीची तारीखही उलटली. माल सुखरूप असताना हा गडी काय करावे म्हणून विचारतो कशाला, ही शंका बिरप्पाच्या डोक्यात शिरली ती निघेचना.

अखेर दुकानात आलेल्या मास्तरांपुढे त्याने कार्ड धरलं. मास्तर रत्नागिरीकडून बदलून आलेले. वाचून ते म्हणाले, "मग माल कुठे हलवलात?"

"हलवायचा कशापायी? मालाला धक्का न्हाय म्हंतोय की त्यो."

मास्तरांनी कपाळावर हात मारला. "अहो, धक्का म्हणजे बंदराचा दगडी ओटा! बोट लागते तो. बोर्डाचा कारकून डुलक्या घ्यायचा, पण नंबर आला की गरिबाचेही गठ्ठे ओट्यावर चढायचे. मक्तेदार काम झपाट्याने करील, पण त्याने पैसे ओतलेत. हजार गठ्ठ्यांचा धनी सोडून तो तुम्हाला जागा कशाला देईल? तुमचा माल वाळूवर पडला असणार."

"पडू द्या की. वाळू काय खातिया व्हय?"

"बिरप्पा, तिथे भरती येते."

बिरप्पाने थेट तारऑफिस गाठून अडत्याला तार केली. दुसऱ्या दिवशी उत्तराची इंग्रजी तार आली आणि बाबूने ती मराठीत सांगितली : आपल्या पत्राप्रमाणे माल वाळूवरच ठेवला, अमावास्येच्या भरतीने नेला.

मक्तेदाराला शिव्या घालत तो वळसंगच्या वाटेला लागला. अर्ध्या वाटेत शिव्या संपल्या. "राहू द्यावे" हे तर त्याच्याच हातचं होतं. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

पहिलं घर नागव्वाचं. म्हातारी मागावर बसली होती.

"नागव्वा, माजं चुकलं. घोंगडी भिजली."

"यप्पा, एवढंच व्हय?" ती हसली. "घोंगडं भिजायलाच असतंय की. वाळवू."

"तसं न्हाय. भरतीनं नेली."

नागव्वाने माग थांबवला. भरती ही कोण बाई, असा चेहरा करून ती बघत राहिली. मग उठून पदर खोचत म्हणाली, "नेली तर नेली. कुटं ऱ्हाती ती? चल, मी येते मागायला."

भरती कुठे राहते, ते बिरप्पालाही ठाऊक नव्हतं. तो उंबऱ्यातच बसला आणि लहान पोरासारखा रडू लागला.