नदीआईचा शंख

शाहूवाडीच्या डोंगरात, नदीच्या काठावर माणसं श्वास रोखून उभी होती. आभाळात ढग नव्हता. पिराजीबाबानं कातळावर काठी आपटली.

"आईला हाक घातलीया. आता ती शंख फुंकंल, पाणी चढंल, रोग उचलंल आन् माघारी जाईल. ज्याच्या मनात किंतु हाय, त्यानं मागं सरावं."

कुणी मागं सरलं नाही.

पात्रातल्या सखल खडकावर राजनंदिनी नावाची शाळकरी मुलगी बसली होती. तिला फिट यायची. तिची आई काठावर हात जोडून उभी होती.

"गोळ्या चालू हायत न्हवं?" सबिनानं आईला विचारलं.

"बाबांनी बंद करायला लावल्यात. गोळी आन् आईचं पाणी एका अंगात नांदत न्हाय म्हणं."

सबिना आमच्या गटातली डॉक्टर, मी विज्ञान शिकवणारा मास्तर. इचलकरंजीहून आम्ही काही मित्रमंडळी आदल्या दिवशी, शनिवारी, इथं तंबू ठोकून राहिलो होतो. त्या दुपारी बाबाचा पत्ता नसताना वरून घोगरा आवाज आला आणि थोड्या वेळात नदी आमच्या तंबूंत शिरली. पाऊस नसताना वाढणारं ते पाणी पाहून मीही घाबरलो. सबिना मात्र म्हणाली, "वर कायतरी असणार. बघून या कुणीतरी." म्हणून रविवारी सकाळीच आमचा विश्वजित मोटारसायकल घेऊन नदीच्या वरच्या अंगाला गेला होता.

आणखी एक गोष्ट मला खटकत होती. गर्दी लांबलांबून जीपनं आलेली होती. पलीकडच्या वाडीतलं एकही माणूस तिच्यात नव्हतं.

विश्वजित धापा टाकत आला. "वळणामागं धरण हाय. विजेसाठी रोज दुपारी पाणी सोडत्यात, त्याआधी भोंगा वाजवत्यात. वाडीत पोराटोरांस्नी ठाऊक हाय." मग त्यानं आवाज उतरवला. "आज दोन्ही यंत्रं चालवणार हायत. कालच्यापेक्षा लई पाणी येणार."

तेवढ्यात डोंगरामागून भोंगा घुमला. माणसांनी डोळे मिटून हात जोडले. काठावरचे बगळे एकदम उठले.

"पोरीला बाहेर काढा," सबिना पुढं झाली.

बाबानं काठी आडवी धरली. "डाक्टरीणबाई, आईचं काम अर्ध्यात मोडू नगा. कमीजास्त झालं तर पाप तुमच्या माथ्यावर."

"थांबा की ताई," मुलीची आई म्हणाली. "लई लांबनं आलोय."

वळणावरून पाणी आलं, आवाज न करता. खडकाची कड बुडाली. मग मुलीच्या मांड्या बुडाल्या.

"बास, आई," बाबा म्हणाला. पाणी चढतच राहिलं.

राजनंदिनीची मान एका बाजूला ओढली गेली, हात ताठले आणि ती पाण्यात कलंडली.

सबिनानं आणि मी उड्या घेतल्या. पाणी छातीला लागलं, पायाखालचे गोटे सरकत होते. मुलीचा झगा माझ्या हातात आला, सुटला, पुन्हा आला. विश्वजितनं तंबूची दोरी फेकली आणि लोकांनी आम्हाला ओढून घेतलं. बाबा सगळ्यांच्या आधी दरडीवर चढला होता.

सबिनानं मुलीला कुशीवर वळवलं. बऱ्याच वेळानं ती खोकली, मग रडली. आईनं तिचं डोकं मांडीवर घेतलं. मग आई सबिनाला म्हणाली, "पण ताई, पाणी खरंच आलं की."

"आलं. माणसांनी सोडलं म्हणून आलं. उद्या बाबा न्हाय आला तरी येणार."

मायलेकींना घेऊन सबिना दवाखान्यात गेली. आम्ही बाबाविरुद्ध पोलिसांत तक्रार दिली. गर्दीतली काही माणसं माझ्यासोबत मुद्दाम मागं राहिली. दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा नव्हता, काठी नव्हती. भोंगा वाजला आणि पाणी चढलं. मागं राहिलेल्यांतल्या गुंडूआण्णा नावाच्या म्हाताऱ्यांनी बुडणाऱ्या खडकाकडं बोट केलं.

"नातवाला म्या ह्याच खडकावर बसवलंतं," ते म्हणाले. "वाडीत कुणाला इचारलं असतं, तर तवाच कळलं असतं."

म्हणून सांगतो. नदीला नमस्कार जरूर करा. पण ती अवेळी का वाढली, हे आधी विचारा. आणि विचारू नका म्हणणाऱ्याच्या हाती आपलं लेकरू देऊ नका.