तीन पेरे

पौषातले कोवळे ऊन माळावर उतरत होते. दवाने जडावलेल्या कुसळीवरून ओघळत, बांधाबांधावर थबकत, केशरी होत. एसटीच्या खिडकीशी बसलेल्या पुरुषोत्तम निरगुडे यांना मात्र सारखे एकच पत्र आठवत होते. वर्षभर उत्तराविना राहिलेले.

बोरखडीच्या जनाक्का वाघमोडे यांनी नातीच्या टपोऱ्या अक्षरात ते धाडले होते. 'तुमचा पेपरातला लेख वाचून घेतला. माळाकडची पट्टी हरणापाखरांसाठी सोडली. तुम्ही लिहिलं तसं सूर्यफूल पेरलं. रोपं वीतभर झाली आणि एका सकाळी हरणांनी सगळी खाल्ली. फूल एक नाही. पाखरांनी काय खावं? पुढं काय करावं ते कळवा.'

काय कळवणार? हयात ग्रंथालयाच्या कपाटांमध्ये गेली. लेख चार पुस्तकांतून वेचलेला. स्वतःच्या हाताने मातीत एक बी कधी टाकले नव्हते. कितीदा तरी कागद पुढे ओढला, 'सप्रेम नमस्कार' एवढे लिहिले, आणि लेखणी खाली ठेवली. आता ते निघाले होते ती पट्टी बघायला. मनात धाकधूक, की ती मोडली असेल, आणि मोडणारे आपणच असू.

बांधावर पोचले आणि पाय थांबले.

समोर सोने होते. दवात न्हालेले, पूर्वेला मुख केलेले, हजार मुखांचे सोने. अलीकडे उमललेली फुले, मधे पिकून माना टाकलेल्या तपकिरी चकत्या, आणि पलीकडे, माळाच्या कडेला, खुडलेल्या खुंटांचा हिरवा-करडा पट्टा. चकत्यांवर पोपट उलटे लटकलेले. खाली सांडलेल्या दाण्यांवर होले, आपल्याच सावल्या टिपत असल्यासारखे. आणि त्या खुंटांत एक काळवीट, पिळदार शिंगांचे, श्यामल पाठीचे, पांढऱ्या पोटाचे, मान उंचावून उभे. जणू पहाटेनेच रेखलेले.

"कुठलं पाव्हणं?" विळा हातात घेऊन जनाक्का पुढे आल्या. बारीक चणीच्या, पांढऱ्या केसांच्या.

"पुण्याचा. सहज आलो."

"सहज कोण येतंय हिकडं? सोयरीक बघाय आलाव जणू."

निरगुडे कानापर्यंत लाल झाले. धीर करून त्यांनी विचारले, हरणांनी एवढे ठेवले कसे?

"ठिवत न्हाईत, त्यांचं त्यांना द्यावं लागतं," जनाक्का म्हणाल्या. "पैला पेरा नवरात्राच्या घटाला. माळाच्या अंगाला, दाट, मटकी मिसळून. त्यो हरणांचा. त्यांनी खायाचाच. दुसरा कोजागिरीला, आतल्या अंगाला. हरणं पैल्यात गुतल्याली, तवर ह्याची पानं खरखरीत हुत्यात, मग त्वांड लावत न्हाईत. त्यो पाखरांचा. तिसरा दिवाळीला."

"तो कोणाचा?"

"त्यो माजा," त्या जरा लाजल्या. "बघायला."

निरगुडे बघत राहिले. फुलांकडे, आणि फुलांपेक्षा त्या भेगाळलेल्या हातांकडे. किती वर्षे, किती पाने, आणि कुठल्याच पानावर हे नव्हते.

"कुणी शिकवलं?"

"कोण शिकवतंय! पुण्याच्याच एका सायबाला इचारलं हुतं. उत्तर न्हाई. बरंच झालं म्हना. आलं असतं, तर तसंच क्येलं असतं."

त्या हसल्या. चुलाण्यावरचा चहा त्यांनी पितळीत ओतून दिला, आणि हसू हळूच मावळले. "पर औंदाचं शेवटचंच. संक्रांत झाली की बिरा, माजा ल्योक, पट्टी मोडून कांदा लावनार. आईचं खूळ म्हनतो. कुना शिकलेल्यानं लिवून दिलं असतं तर ऐकला असता. कागदावरचं खरं वाटतं त्येला."

'तो साहेब मीच' हे शब्द ओठांपर्यंत आले, चहाबरोबर परत गेले. त्यांनी हात जोडले आणि पाऊलवाट धरली.

तालुक्याच्या टपाल कचेरीत, शाईचे डाग पडलेल्या फळीशी उभे राहून, त्यांनी पाकीट घेतले. वर नाव लिहिले: बिरा वाघमोडे, बोरखडी. आणि या वेळी लेखणी नमस्कारापाशी थांबली नाही.

'पट्टी मोडू नकोस. पेपरातला लेख माझा, आणि तो अपुरा होता. मी कधी काही पेरलेले नाही. तुझ्या आईने जे केले, ते मी वाचलेल्या एकाही पुस्तकात नाही. ते आता मी लिहीन, तिच्या नावाने लिहीन. तिच्या पत्राला वर्षभर उत्तर दिले नाही, कारण मलाच उत्तर ठाऊक नव्हते, आणि तसे सांगायची लाज वाटली. आज बांधावर चहा पिऊन गेलेला पाहुणा मीच. तिसरा पेरा तिचा तिला राहू दे.'

खाली पूर्ण नाव लिहिले. पाकीट चिकटवले.

दिवस कलला होता. चौकातली धूळ पिवळी होऊन तरंगत होती. टपालपेटीच्या तोंडातून पाकीट आत घसरले, तळाशी हलकेच टेकले. हात मात्र त्यांनी मागे घेतला नाही. लाल पत्रा दिवसभराच्या उन्हाने अजून कोमट होता. कोमट, खरखरीत, आणि तळव्याला ओळखीचा वाटावा इतका जिवंत.