करकर

डॅशबोर्डखाली डोकं घालून, पाय दाराबाहेर काढून कवळीवाले उताणे पडले होते. एका हातात टॉर्च होता, दुसऱ्या हातात दातांच्या डॉक्टरांकडे असतो तसला लांब दांड्याचा इवलासा आरसा. आरशात आधी नुसता वायरींचा गुंता दिसला. मग त्यामागची पत्र्याची पट्टी, आणि पट्टीच्या टोकाला घासून घासून चकाकलेला नखाएवढा ठिपका.

"हा बघ, सापडला," ते आतूनच म्हणाले.

शेडच्या दाराशी खुर्चीत बसलेल्या बायकोनं पाठीमागची गरम पाण्याची पिशवी जरा वर सरकवली.

चौतीस वर्षं त्यांनी एका खोलीत बसून लोकांच्या कवळ्या घडवल्या होत्या. केसभर जागा चुकली तरी माणसाला घास चावता येत नाही, हे ते जाणून होते. काम सोडलं तरी कवळीवाले हे नाव चिकटलं ते चिकटलंच. आयुष्यात त्यांनी एकच चैन केली होती. मुलगी शाळेत जायला लागली त्या वर्षी ही दोन माणसांची, जमिनीला टेकलेली स्पोर्ट्स कार त्यांनी कुणाकडून तरी जुनी घेतली. तिघांच्या घरात दोघांची गाडी! बायकोनं पहिल्याच दिवशी तिचं नाव सवत ठेवलं. "सवतीची आंघोळ उरका, मग घरातलं बघा," असं ती दर रविवारी म्हणायची.

आता त्याच गाडीतून ते तिला आठवड्यातून दोनदा इस्पितळात नेत होते. दुखणं मणक्यातून कंबरेच्या हाडात उतरलं होतं. मागच्या महिन्यात डॉक्टरांनी पेन खाली ठेवून सांगितलं, की यापुढचे उपचार फक्त वेदना कमी व्हाव्यात म्हणून. आणि त्याही किती कमी होतील, सांगता येत नाही. परगावी असलेल्या मुलीनं फोनवर आईला परोपरीनं विनवलं, की टॅक्सी कर, उंच सीटची, बसायला-उठायला सोपी. बायकोनं ऐकलं नाही. जायचं तर याच गाडीतून, आणि दोघांनीच, एवढंच ती म्हणाली. कवळीवाल्यांना ते ऐकून भरून आलं. इतक्या वर्षांनी सवतीशी दिलजमाई झाली म्हणायची.

पण गाडी करकरायची. इस्पितळाच्या अलीकडे मैलभर दगडी फरसबंदीचा रस्ता होता. त्यावर चाकं चढली की आतलं सगळंच बोलायला लागायचं. डॅशबोर्ड कुरकुरायचा, दारं चिरकायची, मागची काच रबरात घासून कण्हल्यासारखी वाजायची. बायको डोळे मिटून, ओठ आवळून बसायची. प्रत्येक आवाज तिच्या हाडात जातोय, असं कवळीवाल्यांना वाटायचं. दुखण्यापुढे त्यांचे हात टेकले होते. करकरीपुढे अजून टेकले नव्हते.

तीन आठवडे ते त्यामागे लागले. गॅरेजवाल्याला चालवायला बसवून स्वतः सीटच्या मागच्या बोळकांडीत अंग चोरून बसले, रबरी नळीचं एक टोक कानाला आणि दुसरं पत्र्याला लावून. गॅरेजवाल्यानं समजावून पाहिलं, की काका, गाडीचं वय झालंय, एकीकडे दाबलं की ती दुसरीकडे बोलणार. ते खरंच होतं. दाराच्या आतल्या पुठ्ठ्याखाली जाड लोकरी नमद्याच्या पट्ट्या लावल्या, तर सीटचा रूळ वाजू लागला. त्याचे नट आवळले, तर सीटबेल्टचं बक्कल प्लॅस्टिकवर टकटकू लागलं. बकलाला कापड गुंडाळलं, मागच्या काचेच्या रबराला ग्रीस चोळलं. गुडघे सोलवटले, मान अवघडली. कवळीवाले हटले नाहीत.

"राहू द्या ना आता," बायको दाराशी बसून म्हणाली. "इतकी वर्षं बोलतेय ती. आत्ताच कशाला तिचं तोंड दाबताय?"

"तुला त्रास होतो."

"मला कुठे होतोय?"

आपल्या गुडघ्यांसाठी म्हणत असेल, असं त्यांना वाटलं. त्यांनी त्या चकाकलेल्या ठिपक्यावर नमद्याचा शेवटचा तुकडा बसवला आणि हात पुसले.

शुक्रवारी निघताना बाहेर बोचरा वारा होता. त्यांनी तिला दोन्ही हातांनी धरून सीटवर उतरवलं, पायांवर शाल घातली, काचा घट्ट लावल्या. गाडी गुळगुळीत रस्त्यानं चालली. मग फरसबंदी आली. चाकं दगडांवर चढली, आणि आत काहीही वाजलं नाही. खालून फक्त टायरांची दबकी घरघर येत होती. कवळीवाल्यांनी तिच्याकडे कौतुकाच्या अपेक्षेनं पाहिलं. ती समोर बघत होती. दोन्ही मुठींत शाल गच्च धरली होती.

थोडं पुढे गेल्यावर त्यांना आवाज ऐकू आला. बारीक, चिवट, प्रत्येक खड्ड्याला एकदा. म्हणजे एक राहिलाच होता. त्यांच्या कपाळावर आठी चढली. एका हातानं चाक सांभाळत त्यांनी दुसऱ्या हाताचा अंगठा डॅशबोर्डच्या सांध्यावर दाबून धरला. आवाज येतच राहिला. त्यांनी सामानाच्या कप्प्याचं झाकण दाबलं, मग दोन सीटांमधलं खोकं. तरीही आवाज येत होता. कानानं माग काढत हात तिच्या सीटच्या पाठीकडे सरकला, तिच्या खांद्याला लागला, आणि आवाज बंद झाला.

हात तिथंच राहिला. पुढच्या खड्ड्याला खांदा ताठरला, थरथरला. तिनं श्वास कोंडून धरला होता. आवाज आला नाही.

कवळीवाल्यांनी गाडी अगदी हळू केली. मागून कुणीतरी हॉर्न वाजवला आणि वळसा घालून पुढे निघून गेलं. अजून अर्धा मैल फरसबंदी बाकी होती.

"सापडला का?" तिनं विचारलं.

त्यांनी तिच्या खांद्यावरचा हात अलगद काढून घेतला.

"नाही," ते म्हणाले. "काही नव्हतंच. मला भास झाला."

तिनं मान हलवली. मग म्हणाली, "काच खाली करता का? गुदमरल्यासारखं होतंय."

त्यांनी वाकून तिच्या बाजूची काच उतरवली. मग आपल्या बाजूचीही पूर्ण खाली केली. गार वारा दोन्हीकडून आत घुसला, शालीचं टोक फडफडलं, रस्त्याचा सगळा गलका गाडीत भरला. त्यात आतलं काही ऐकू येईना. कवळीवाल्यांनी दोन्ही हात चाकावर घेतले आणि तिच्याकडे न बघता, समोर नजर ठेवून ते गाडी चालवत राहिले.