पहिली ओंजळ

मी आड बोलतोय. फार वाकून बघू नका, कठडा ढिला आहे. भूकंपाच्या पहाटे माझ्याभोवतीचं गाव कोसळलं, माझे चिरे तेवढे जागेवर राहिले. वाचलेली माणसं दोन कोसांवरच्या नव्या वसाहतीत गेली. त्याला तीस वर्षं झाली. मला माणसांची फार आठवण येते, उगाच लपवू कशाला?

पूर्वी बायका पहिली बादली शेंदली की तिच्यातली ओंजळभर मला माघारी देत. मग काठावर बसून सासवांच्या चुगल्या. त्या सगळ्या मला अजून पाठ आहेत.

यंदा पंचायतीने मला बुजवायचं ठरवलं आणि त्याच बायकांमधल्या सिंधूची लेक पुनम आडवी आली. पोरीने लातूरच्या क्लासात दोन वर्षं काढली, डॉक्टरकी हुकली, आता नांदेडला पाण्यातल्या जिवाणूंचा अभ्यास करते. पाणी गाळायचं, गाळणीवर अडकलेल्यांचा डीएनए काढायचा, की पाण्यात कोण कोण राहतं ते कळतं म्हणे. पाणी चांगलं निघालं तर बुजवायचं नाही, असं तिने सरपंचांकडून कबूल करून घेतलं.

ती आली तेव्हा सिंधूही सोबत होती. नवी सून म्हणून यायची, आता केस पिकलेत. पुनम पाठ करून बाटल्या काढत होती, तेवढ्यात सिंधूने बादली शेंदली, तिच्यात हात बुडवले आणि मला ओंजळ दिली. मला भरून आलं. पुनमने त्याच बादलीतून बाटली भरली.

पंधरा दिवसांनी पुनम एकटीच आली, फोनवर चिडलेली.

"आई, नमुन्यात माणसाच्या कातडीवरचे जिवाणू निघालेत. बादलीत हात घातला व्हता का तू?"

"हाव. पहिली ओंजळ आडाची असती. त्याला कसं इसरू?" फोनमधून सिंधूचा आवाज आला.

"नमुना बाद झाला की गं!"

मग तिने हातमोजे घातले, दोरीला नवी बाटली बांधून पाणी घेतलं आणि कठड्याला न टेकता निघून गेली.

पुढच्या महिन्यात ती सरपंचांना घेऊन आली. "पाणी लई चांगलंय, काका. उकळून प्या खुशाल. माणसाची खूणसुद्धा न्हाई यात."

सरपंचांनी दगडमातीचा ट्रॅक्टर परत पाठवला. मी वाचलो. पण तिचं शेवटचं वाक्य मला लागलं.

पुनम, बाद झालेली ती पहिली बाटली फेकू नकोस. तीस वर्षांत माझ्या पाण्याला लागलेला तेवढाच एक हात तिच्यात आहे.