वस्तादांनी बसवलेला प्लग

“मागच्या दाराने ये,” असं वस्ताद फोनवर म्हणाले आणि आमच्या ह्यांचा घास हातातच राहिला.

मागच्या दाराचं आम्हाला नवल नाही. ह्यांचा धंदाच मागच्या दाराचा. गॅरेजात कुणी घाईगर्दीत बोल्ट जास्त आवळला की भोकातले आटे जातात. मग बोल्ट नुसता गरागरा फिरतो, धरत म्हणून नाही. त्यातून इंजिनाचं हेड ॲल्युमिनियमचं, म्हणजे आटे जायला निमित्तच हवं. अशा वेळी ह्यांना बोलावणं येतं. हे भोक थोडं मोठं करतात, नवे आटे पाडतात आणि आत पोलादी तारेची स्प्रिंगसारखी गुंडाळी बसवतात. बोल्ट पुन्हा पहिल्यासारखा बसतो. गिऱ्हाइकाला मात्र यातलं काही कळता कामा नये. म्हणून गिऱ्हाईक समोर असलं की आमचे हे कुणाचे मेहुणे होतात, कुणाचे मावसभाऊ. एका गॅरेजात तर मालकाचे व्याही झाले. आम्हाला मूलबाळ नाही, तरी व्याही! मी म्हटलं, “मग विहीणबाईंना कधी बोलावतायत?” तर म्हणाले, “आलीस तर इंजिन पुसायला लावतील.”

पण वस्ताद? हे सगळं काम ज्यांच्या हाताखाली शिकले, ते वस्ताद. बोल्ट आवळायचा जोर मोजणारा एक पाना येतो, तो त्यांनी आयुष्यात हातात धरला नाही. मनगट असताना मोजायला पाना कशाला, म्हणायचे. त्यांच्या हातून आटे जाणं म्हणजे सुगरणीच्या हातून पाणी करपणं.

ह्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, त्यामुळे स्कूटर मी चालवली. एरवी मी चालवत असले की मागून सूचनांचा पट्टा सुरू असतो. त्या दिवशी हे हत्यारांची पिशवी छातीशी धरून गप्प बसले होते.

वस्ताद दारातच उभे होते. “पोरगी पार्ट आणायला गेलीय. ती यायच्या आत उरक.”

गॅरेज आता त्यांची लेक चालवते. हुशार पोरगी. बापासारखीच कमी बोलते.

“गाडीचा स्पार्क प्लग बसवत होतो,” वस्ताद सांगू लागले. “वाटलं, अजून राहिलाय. थोडा आवळला. अजून थोडा. आणि एकदम हलका झाला रे.” मग आमच्याकडे न बघता म्हणाले, “साखरेने बोटं बधिर झालीत. तिला कळलं तर घरी बसवील मला. गोळ्या घ्या आणि टीव्ही बघा. त्यापेक्षा मेलेलं बरं.”

“मरायचं काय त्यात? आटेच गेलेत, जीव नाही,” हे म्हणाले आणि कामाला लागले.

मी उजेडासाठी बॅटरी धरली. ह्यांनी आटे पाडायच्या टॅपला ग्रीस फासलं, म्हणजे धातूचा कीस त्याला चिकटतो, इंजिनात पडत नाही. अर्धा फेरा पुढे, जरासा मागे, असं चाललं होतं. वस्ताद डोक्यावर उभेच.

“सरळ धर.”

“सरळच आहे, वस्ताद.”

“मला वाकडा दिसतोय.”

“मग तुम्हीपण मोतीबिंदू काढून घ्या.”

वस्ताद हसले. गुंडाळी आत गेली, नीट बसली. हे पिशवी आवरायलाच लागले.

“थांब. बाकीचे प्लग काढ,” वस्ताद म्हणाले. “इंजिन नुसतं फिरवू. राहिला असेल तो कीस उडून जाईल.”

“कशाला? सगळा ग्रीसला आलाय.”

“मीच शिकवलं ना तुला हे? आता मलाच कशाला विचारतोस?”

ह्यांना काम टाळताना मी घरात रोज बघते, गॅरेजात मात्र कधी पाहिलं नव्हतं. कुठेतरी पाणी मुरतंय हे माझ्या लक्षात आलं. तोवर वस्तादांनी स्वतःच पाना उचलला, प्लग काढले आणि माझ्या हातातली बॅटरी घेऊन एकेका भोकात वाकून पाहू लागले. शेजारच्याच भोकाशी थांबले. मीही डोकावले. आत पोलादी तार चमकत होती.

“हे तुझं काम,” वस्ताद म्हणाले.

“असेल कुणाचंतरी.”

“तुझा हात मी ओळखतो. या गाडीला माझ्याशिवाय कुणी हात लावलेला नाही. मागच्या खेपेलाही प्लग मीच बदलले होते.” जरा थांबून त्यांनी विचारलं, “पोरीने बोलावलं होतं?”

ह्यांनी मान खाली घातली.

“एकदाच?”

शहरभर मेहुणा म्हणून मिरवणारा हा माणूस. एक साधं ‘हो’ म्हणायचं होतं. ते जमलं नाही. “नाही,” म्हणाले.

मला आधी रागच आला. संध्याकाळी ‘जरा वस्तादांकडे जाऊन येतो’ म्हणून हे निघायचे, ते वस्ताद घरी गेल्यावर! मला बायकोला पत्ता नाही! मग त्या पोरीचा विचार मनात आला. बापाने दिवसभर केलेलं काम त्याच्या माघारी तपासायचं, बिघडलं असेल ते गुपचूप नीट करून घ्यायचं आणि सकाळी काही झालंच नाही अशा तोंडाने कामाला लागायचं.

वस्ताद स्टुलावर बसले. “म्हणजे तिला ठाऊक आहे. आणि तरी रोज सकाळी पाना माझ्या हातात देते.”

“तिला बोलू नका, वस्ताद. तिचा काही दोष नाही.”

“दोष कुणाचाच नाही रे.”

तेवढ्यात पुढचं शटर वाजलं. लेक खोकं घेऊन आत आली आणि आम्हा तिघांना बघून क्षणभर थबकली. पण पोरगी तयारीची. “अगं बाई, काका-काकू! सहज आलात?”

“हो, इकडूनच चाललो होतो, म्हटलं...” ह्यांनी लगेच सूर धरला.

“मी बोलावलं त्याला,” वस्ताद म्हणाले. “माझ्या हातून आटे गेले.”

तिने उघड्या इंजिनाकडे पाहिलं, काढून ठेवलेल्या प्लगकडे पाहिलं. तिला सगळं समजलं. खोकं खाली ठेवायचंही तिला सुचेना.

“होतं हो, बाबा. कुणाच्याही हातून होतं.”

“माझ्या हातून होत नव्हतं.” ते उठले. “इंजिन फिरवून घे. मग प्लग तू बसव.”

“तुम्ही बसवा ना.”

“नको. गिऱ्हाइकाची गाडी आहे.”

तिचे डोळे भरून आले होते, पण तिने ते पुसले नाहीत, हात तेवढे पुसले. इंजिन फिरवलं, भोकं साफ केली आणि पहिला प्लग उचलला. वस्ताद बाजूला सरकले. कुठे ठेवावे ते कळेना म्हणून असेल, त्यांनी दोन्ही हात खिशात घातले. इतक्या वर्षांत त्यांचे हात मी रिकामे कधी पाहिले नव्हते.

“आधी बोटांनीच फिरव,” ते म्हणाले. “घाई नाही.”

तिने बोटांनी फिरवला. मग पाना लावला, थोडा आवळला आणि थांबली.

“का थांबलीस?”

“बसला, बाबा.”

“कशावरून?”

“हाताला कळतं ना.”

“हो,” वस्ताद म्हणाले. “कळायचं.”

मग म्हणाले, “पुढचा घे.”