दहा बैलांची पेटी

मित्रांनो, मी एक जुनी सागवानी पेटी आहे. हदगावच्या लिंबाजी सुतारांनी मला घडवले आणि माझ्या उदरात आंब्याच्या लाकडाचे दहा बैल ठेवले. देवणी जातीचे, पांढऱ्या अंगावर काळे ठिपके. लेकरांच्या हाताला टोचू नयेत म्हणून त्यांनी प्रत्येक शिंग घासून घासून बोथट केले होते.

तेथून मी एका खेड्यातील शाळेत आले. पहिलीच्या वर्गाला रेणुकाबाई शिकवीत. त्या मला रोज जमिनीवर उघडीत. त्या वर्गात लुंबिनी नावाची एक मुलगी होती. फळ्यावर अंक दिसले की ती मान खाली घाली. बैल हाती आले, तेव्हा मात्र ती दोन-दोन बैल जुंपू लागली. एके दिवशी बाईंनी एक बैल हळूच पदराआड लपवला. लुंबिनीने जोड्या लावल्या, आणि वर्गात प्रथमच तिचा आवाज उमटला.

"बाई, याला जोडी न्हाई!"

"मग किती राहिले गं?"

"नऊ. म्या मोजले की!"

त्या शब्दांतील अभिमान मी कधीही विसरणार नाही.

पुढे तिचे वडील संघपाल वर्गाच्या दारात येऊन उभे राहिले. त्यांची स्वतःची शाळा चौथीतच सुटलेली. लेकीला लातूरच्या क्लासला घालायचे, हे एकच स्वप्न त्यांनी उराशी धरले होते.

"बाई, बैल हाकाया शाळंत कशाला पायजे? ते गावात बी हायत. वहीत काय लिवलं ते दावा."

"दादा, लिहील ती. आधी तिला संख्या दिसू तर द्या."

"लई दिसलं! पोरगी खेळून राहिली अन् तुमी बघून राहिल्या."

त्याच उन्हाळ्यात बाईंची बदली झाली. नवे गुरुजी अनंतराव मनुष्य सज्जन. त्यांनी मला स्वच्छ पुसले, कपाटात ठेवले आणि कुलूप लावले. "ही विद्येची वस्तू आहे, खेळण्याची नव्हे," असे ते मुलांना म्हणाले. दसऱ्याला ते माझ्या झाकणावर हळदकुंकू आणि फुले वाहत आणि मुले दुरून हात जोडीत. ज्या वस्तूचा जन्मच इवल्या हातांसाठी झाला, तिला फुले वाहून त्या हातांपासून दूर ठेवावे, याहून कठोर शिक्षा मला ठाऊक नाही. अंधारात वाळवी आली. तिने एका बैलाचा भुसा केला. झाकण कोणी उघडलेच नाही, मग कळणार कोणाला?

लुंबिनी दुसरीत असताना तपासणीला साहेब येणार असे ठरले. गुरुजींनी आठवडाभर मुलांकडून घोकून घेतले. "पेटीत किती बैल?" "दहा!"

तो दिवस उगवला. गुरुजींनी लगबगीने बैल मांडले, मोजले नाहीत. साहेबांनी विचारले आणि वर्ग एका सुरात गर्जला, "दहा!" लुंबिनी तेवढी गप्प होती. तिचे बोट हवेत जोड्या लावीत होते.

"तू का गं गप्प?" साहेब म्हणाले.

"नऊ हायत. याला जोडी न्हाई."

वर्ग खदखदून हसला. "लुंबे, बैल बी मोजता येईनात व्हय गं!" मागून कोणी ओरडले.

"लुंबिनी," गुरुजींचा आवाज चढला, "आपण काय पाठ केलंय?"

तिने बैलांकडे पाहिले. मग गुरुजींकडे पाहिले. मग मान खाली घातली, अगदी पहिलीतल्यासारखी.

"दहा."

"शाब्बास!" साहेब म्हणाले आणि चहाला उठले. संध्याकाळी संघपाल फाटकाशी सर्वांना सांगत होते, "माज्या लेकीला साहेबानं शाब्बास म्हणलं!" लुंबिनी त्यांचे बोट धरून उभी होती.

मित्रांनो, मला फुले नकोत, हळदकुंकू नको. तुमच्या शाळेतही माझ्यासारखी एखादी पेटी असेल, तर तिचे कुलूप काढायला सांगा. तिच्यातली खेळणी हाती घ्या, झिजवा, हवे तर मोडा. आणि सारा वर्ग दहा म्हणत असताना एखादी मुलगी नऊ म्हणाली, तर हसू नका. आधी मोजा.

मी पुन्हा कपाटात आहे. माझ्यात नऊ बैल आहेत.