इंजिनानं प्यायलेलं तीर्थ

नवेगाव बांधच्या घाटावर त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. कोणी बांधाच्या पाळीवर, कोणी पाण्यातल्या डोंग्यावर, एक जण तर थेट आंब्यावर. आणि सगळ्यांचे डोळे एका कापलेल्या ड्रमवर.

ड्रमात तळ्याचं पाणी. पाण्यात हळद, पसा पसा तांदूळ आणि झेंडूच्या पाकळ्या. त्यात बुडवला होता मच्छीमार सोसायटीच्या मोटरबोटीचा मागचा पाय, म्हणजे पंखा असतो तो भाग. बोट घाटाच्या उतारावर गाड्यावर चढवलेली. तिच्यासमोर भगवी लुंगी नेसून जलेश्वर महाराज उभे.

"चालू करो!"

इंजिन धडधडलं. ड्रमातलं पिवळं पाणी घुसळत खाली जाऊ लागलं.

"देखो! मशीन तीर्थ पी रही है! पिऊन राहिली, पाहा!"

अख्ख्या घाटानं हात जोडले. आता गंमत अशी, की इंजिन खरोखरच पाणी पीत होतं. पाणी पिऊनच ते थंड राहतं, त्यात देवीचा काय संबंध? पण एवढ्या जयजयकारात हे बोलायचं कोणी? बोलू शकत होती ती एकटी चंचल. आणि तिच्याच गळ्याला फास लागला होता.

चंचल ही त्या बोटीची ड्रायव्हर. वय चाळिशीचं, आणि खोड्यांची सवय मोडलेली नाही. एकदा तिनं सोसायटीच्या मीटिंगमध्ये चिवड्याच्या डब्यात जिवंत खेकडा ठेवला होता. बोट शिकवायला आलेल्या माणसाकडून शिकून घेणारी गावातली ती पहिली बाई. रोज शेवटच्या फेरीनंतर बोट वर ओढायची, पायाच्या दोन्ही बाजूंच्या जाळीवर रबराच्या दोन वाट्या बसवायच्या, त्यांना बोअरचा पाइप जोडायचा, आधी पाणी सोडायचं, मग इंजिन, आणि आतला गाळ धुऊन काढायचा. हा तिचा नेम.

उन्हाळ्यात तळं उतरलं, शेवाळ वर आलं, आणि एक दिवस बोट तळ्यातल्या सात बहिणींच्या, म्हणजे देवीच्या, खडकापाशी बंद पडली. चंचलनं जाळीतलं शेवाळ ओढून काढलं आणि परत आली. गोष्ट तिथंच संपायची. पण देवी कोपली म्हणत संध्याकाळपर्यंत सोसायटीचे अध्यक्ष भोजराजभाऊ महाराजांना घेऊन हजर.

महाराजांनी वाट्या पाहिल्या आणि कानावर हात ठेवले. "देवीच्या मशीनले बोअरचं पानी? अन् तेही नाक दाबून? उद्यापासून तळ्याच्याच पाण्यानं स्नान. हळद-अक्षता टाकून."

नवा ट्रॅक्टर आला तरी हळद-तांदूळ लावणारं गाव. त्यांना ते पटलं. स्नान सुरू झालं, आणि बोट रोजच खडकापाशी बंद पडायला लागली. लोक म्हणाले, देवी जास्तच कोपली. महाराज बोटीत बसून मंत्र म्हणायचे, अर्ध्या तासानं इंजिन सुरू व्हायचं. लोक पाया पडायचे. मग महाराजांना दृष्टांत झाला: बाईच्या हातानं मशीन बाटलं. चाबी पाहिजे महाराजांच्या भाच्याच्या, मोनूच्या हाती.

आज निकाल होता. आज चंचलच्या हातात बोट बंद पडली, तर चाबी तर द्यायचीच, शिवाय गाव तिला टोनही म्हणणार. टोनही, म्हणजे जादूटोणा करणारी. मग विहिरीवर पाणी नाही, कोणाच्या दारात पाय नाही.

"देऊन टाक ना वो चाबी," सासू सुभद्राबाई घाटावरच तिचा हात धरून रडत होती. "एकदा टोनही म्हनलं का तुह्या पोरीले कोन घरात घेईन?"

"देऊन टाकलं तरी म्हनतीनच, मामी. मंग हिनं चूक कबूल केली म्हनतीन."

सासूनं हात सोडला. इकडून गेलं तरी तेच, तिकडून गेलं तरी तेच. चंचल बोटीत चढली. मागं भोजराजभाऊ, त्यांच्या मागं महाराज.

बोट निघाली. चंचलचे डोळे समोरच्या काट्यावर. इंजिन तापतं तसा तो काटा वर सरकतो. घाट मागं पडला, काटा सरकला. कमळं मागं पडली, काटा लाल पट्टीला टेकला. आणि बरोबर खडकापाशी टीं-टीं-टीं अशी शिटी. इंजिन जळू नये म्हणून तिनंच चाबी बंद केली.

चहूकडे पाणी. घाटावरची माणसं मुंग्यांएवढी, पण ओरडणं स्पष्ट ऐकू येत होतं: "अडली! अडली!" पोहून जावं तर पळाली म्हणतील. बसून राहावं तर चाबी जाणार. हातभर बोटीत तिघं, आणि त्यातला एक हात पुढं करून बसलेला.

"चाबी."

"देतो ना महाराज, पळून कुठं जाऊ?" चंचलचा आवाज एकदम गरीब. "तुमी मंत्राले बसा. पन आधी गळा मोकळा करा. आज गर्दी लय हाय, मंत्र घाटावर ऐकू गेला पाह्यजे." आणि भोजराजभाऊ घाटाकडं पाहत होते तेवढ्यात तिनं कमरेची पुडी काढली. खर्रा. सुपारी-तंबाखूचा, ताजा घोटलेला, घमघमाट सुटलेला.

महाराजांचे दात तिनं पहिल्याच दिवशी पाहिले होते. असे दात गंगाजलानं होत नाहीत.

महाराजांनी इकडंतिकडं पाहिलं. पुडी रिकामी, गाल भरलेला. जरा वेळानं मंत्रासाठी तोंड उघडायला गेले, आणि हनुवटीवरून लाल ओघळ आला. थुंकायला बाजूला वाकले.

"अरे अरे महाराज!" चंचल ओरडली. "देवीचं पानी हाय! तळ्यात थुकनाऱ्याले कोड फुटते, तुमीच सांगतलं ना परवा?"

भोजराजभाऊ वळले. "महाराज, मंत्र म्हना ना जी! लोक पाहून राहिले."

"म्म्म."

"काय म्हन्ता?"

"म्म्म्म!"

"इचारता काऊन गा भाऊ, त्यायचं तोंड उघडून पाहा ना," चंचल म्हणाली आणि आरामात मांडी घालून बसली. आता बोटीत अडकलेला माणूस बदलला होता. थुंकावं तर कोड, गिळावं तर गरगर, बोलावं तर भोजराजभाऊंचा पांढरा सदरा लाल. महाराजांचे डोळे पाणावले. घामानं भस्म ओघळलं. त्या पाण्यावर, त्या उन्हात, मंत्राचा एक शब्द उच्चारला गेला नाही.

काटा मात्र हळूहळू खाली उतरत होता.

चंचलनं इंजिनच्या झाकणावर हात ठेवून पाहिला आणि चाबी फिरवली. इंजिन सुरू.

"मंत्र तं झालाच नाही!" भोजराजभाऊ म्हणाले.

"नाही झाला. इंजिन तापलं व्हतं भाऊ, थंड झालं. रोज तेच व्हते. घाटावरून खडकापर्यंत येता येता तापते, म्हनून रोज खडकापाशीच बंद पडते."

हळूहळू, इंजिन न तापवता तिनं बोट घाटाला लावली. महाराज उडी मारून आधी झाडामागं गेले, मग तोंड पुसत परत आले. "मैंने मन में जाप किया!"

लोकांनी पुन्हा हात जोडायला घेतले. चंचलला ठाऊक होतं, आता नाही तर कधीच नाही. "मनातला जप दिसत नाही. हे तं दिसते ना?" तिनं बोट वर ओढायला लावली, पायाच्या जाळीत तार घातली आणि खाली थाळी धरली.

आधी पिवळा गाळ आला. मग झेंडूची पाकळी. मग फुगलेला तांदूळ, बदाबदा. पाण्याच्या पंपाचं झाकण खोललं, तर आतल्या रबराच्या चक्रीच्या पात्या तांदळानं गच्च.

भोजराजभाऊंनी चार दाणे उचलून बोटांत चोळले. शेतकरी माणूस. चेहरा उतरला. "हा तं माह्याच घरचा एचएमटी तांदूळ."

"हाव जी. तुमीच पाजला. पानी प्यायच्या वाटंत भात कोंबला, मंग ते तापन नाही तं काय?"

तिनं सीटखालून रबराच्या वाट्या काढल्या. बोअरचं पाणी सोडलं, मग इंजिन. मागून आधी पिवळं, मग गढूळ, मग स्वच्छ पाणी पडायला लागलं. आधी इंजिन बंद, मग पाणी.

"आता चला महाराज, खडकाच्या पुढं जाऊ. खर्रा देतो."

महाराजांना एकाएकी गोंदियाच्या गाडीची आठवण झाली.

बोटीत कोणी चढेना. अडली तर? तेव्हा सुभद्राबाईनं डोळे पुसले, लुगडं खोचलं आणि पुढच्या पाटावर जाऊन बसली. "सून माही हाय. चाल वो."

बोट निघाली. कमळं गेली. खडक आला. काटा मधोमध उभा राहिला, आणि बोट खडकाला वळसा घालून पलीकडं गेली.

ड्रम आजही घाटावर आहे, त्यात आता मासे धुतात. देवी कोपली म्हणणाऱ्यांना चंचल एवढंच सांगते, आणि आमचंही तेवढंच म्हणणं आहे: हात जोडायचे तर जोडा बापा, पण त्याआधी एकदा झाकण उघडून पाहा. आणि कोण्या बाईला टोनही म्हणायच्या आधी तर दोनदा पाहा.